आक्कांचं टीव्हीतलं शेत



दरवेळी चातुर्मासातले पदार्थ, नाहीतर स्वाध्यायातलं काहीतरी लिहिणारी मी आज व्हिडिओ गेमच्या मेमरी कार्डावर लिहिणार आहे. हसू नका. यात आमच्या सासूबाई आहेत, खतावणी आहे आणि उपशम-क्षयही आहे. शिवाय तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी मुलांचा असला जुना पसारा पोटमाळ्यावर पडून असणार. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी एवढं वाचा.

आमच्याकडचं यंत्र म्हणजे पहिलं प्लेस्टेशन. सोनी कंपनीने ते डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आणलं. आमच्याकडे ते बरंच उशिरा, माझ्या दिरांनी दुबईहून आणलं. त्यात खेळ तबकडीवर यायचा, पण तबकडीवर काही लिहिता येत नसे. खेळ कुठवर आला हे जपून ठेवायला काड्यापेटीएवढं एक वेगळं कार्ड पुढच्या खाचेत बसवायचं. त्याची क्षमता १२८ केबी. आज आपण गटावर टाकतो तो सुप्रभातचा एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही.

सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणायचो. त्यांचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. जन्म शेतात गेला. मामंजी गेल्यावर जमीन चुलत दिरांकडे वाट्याने देऊन त्या आमच्याकडे पुण्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्या. बाल्कनीतल्या चार कुंड्यांत त्यांचं मन काही रमायचं नाही. पाऊस पडला की म्हणायच्या, "आता वाफसा किती दिसांनी येतोय बघा." ते सांगायचं कुणाला? खाली सगळं डांबर.

तेव्हा माझा धाकटा अकरा वर्षांचा. त्याला एक खेळ मिळाला, हार्वेस्ट मून, बॅक टू नेचर. तो मूळ जपानी. यासुहिरो वादा नावाच्या गृहस्थांनी ही खेळांची मालिका १९९६ मध्ये सुरू केली. ते स्वतः खेड्यात वाढलेले आणि नोकरीसाठी तोक्योला गेलेले. गाव सुटल्यावर गावातलं काय चांगलं होतं ते कळलं, म्हणून मारामारी नसलेला खेळ केला असं त्यांनी सांगितलेलं आहे. आमच्याकडचा भाग जपानात १९९९ च्या डिसेंबरात आला. गोष्ट अशी की आजोबा वारलेत, शेत ओसाड पडलंय. नातवाने तीन वर्षांत ते उभं करायचं आणि गावकऱ्यांशी मिळून मिसळून राहायचं. तेवढं जमलं तर गावात राहता येईल, नाहीतर परत शहरात.

आक्का आधी लांबून बघायच्या. एक दिवस माळ हातात तशीच धरून म्हणाल्या, "त्या पोराला सांग, दगडं आधी वेच. मग नांगर." तेव्हापासून दोघांचं शेत सामायिक झालं. बटणं नातवाची, अक्कल आजीची. त्यात बियांची एक पिशवी टाकली की तीन बाय तीन अशा नऊ चौकटींत पेरणी होते. पण पिकातून चालता येत नाही, त्यामुळे मधल्या चौकटीला पाणी पोचत नाही. पोरगं रडकुंडीला आलं होतं. आक्कांनी बघितलं आणि सांगितलं, "एक चौकट नांगरूच नको. तेवढं बी वाया जाऊ दे, पाण्याला जायला वाट पाहिजे." खेळाच्या पुस्तकात नसलेली युक्ती त्यांनी पहिल्याच वसंतात काढली.

पेच पडला तो बियाण्यांवरून. वसंतात दुकानात सलगम, बटाटा आणि काकडीचं बी मिळतं. उन्हाळ्यात टोमॅटो, मका आणि कांदा. आक्कांना कंदमुळाचा आजन्म त्याग. त्या म्हणाल्या, "मी खात न्हाई त्ये पिकवू व्हय?" मी म्हटलं, आक्का, हा खेळ आहे, त्यात जीव कुठे आहे? त्यांनी लगेच विचारलं, "पिठाच्या कोंबड्यात तरी कुठं होता?"

पुढे बोलायला जागाच नव्हती. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी प्रवचनात ऐकलेली आहे. आईच्या आग्रहाने त्याने पिठाचा कोंबडा करून बळी दिला, आणि आई-मुलगा दोघांनाही त्यापायी पशुयोनीत फिरावं लागलं. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी यशस्तिलकचंपूत ती विस्ताराने लिहिली आहे. द्रव्यहिंसा नाही, पण भाव होता ना? आक्का शाळेत चौथीपर्यंतच गेलेल्या, पण स्वाध्याय पक्का.

मग आमच्या घरचं ते शेत बिनकंदमुळाचं झालं. मासेमारी बंद. कोंबड्या पाळल्या की अंडी विकावी लागतात, म्हणून कोंबड्याही नाहीत. दोन गाई, त्यांची नावं गौरी आणि कपिला. काकडी, टोमॅटो, मका. गंमत म्हणजे धंद्याच्या दृष्टीनेही हे बरं होतं. त्या खेळात सलगम, बटाटा, कांदा एकदा उपटले की संपले, पुन्हा बी विकत घ्या. काकडी, टोमॅटो आणि मका यांचं रोप तसंच राहतं आणि पुन्हा पुन्हा फळ धरतं. संध्याकाळी पाचला माल न्यायला माणूस यायचा, त्याआधी पेटीत माल पडायला हवा. ही आक्कांची सामायिकाआधीची वेळ. माझ्या सिरियलला त्या घरात जागा उरली नाही.

रोजचा दिवस संपला की खेळातल्या घरात जाऊन डायरी उघडायची, म्हणजे खेळ कार्डावर लिहिला जातो. आक्का त्याला 'कीर्द लिहिली का?' असं विचारायच्या. शब्द माझ्याकडूनच उचललेला.

२००४ च्या चातुर्मासात आक्कांनी परिग्रह परिमाणाचा नियम आणखी आवळला. तब्येत उतरली होती. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची यादी क्षेत्र आणि वास्तूपासून सुरू होते हे तुम्हाला माहीत आहेच. क्षेत्र म्हणजे शेत. त्यांनी जमिनीचा हिस्सा मुलांच्या नावे केला. मग नातवाला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "टीव्हीतलं बी सोडलं. आता ते तुझं. बटाटा मात्र लावू नको." खेळात तेव्हा तिसऱ्या वर्षाचा हिवाळा सुरू झाला होता. निकाल लागायला थोडेच दिवस उरले होते. पुन्हा त्यांनी त्या पडद्याकडे मान वळवून पाहिलं नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या.

धाकट्याने दोनतीन महिने कार्डाला हात लावला नाही. नंतर एकदा लावला, तेव्हा नेमकं कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, आठवत असेल. वीज आल्यावर यंत्र म्हणालं, कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, करू का? त्याने 'नाही' दाबलं आणि कार्ड काढून माझ्या बटणांच्या डब्यात टाकलं. ते तिथेच राहिलं. मध्यंतरी एका दुकानदाराला दाखवलं होतं. त्याने न बघताच 'मेलंय, नवीन घ्या' म्हणून परत दिलं.

मागच्या भाद्रपदात धाकटा सुट्टी काढून दशलक्षण पर्वाला घरी आला होता. सोबत सून आणि आमची सहा वर्षांची नात. नातीला शर्टाला बटण लावायचं होतं, म्हणून डबा निघाला. कार्ड बघून तो गप्पच झाला. मग म्हणाला, "आई, मी तेव्हा 'नाही' दाबलं होतं. म्हणजे आत असणार."

इथून पुढचं त्याने मला समजावून सांगितलं आणि मला ते पटकन कळलं, कारण ही सगळी आमची बी.कॉम.ची पहिल्या वर्षाची भाषा आहे. कार्ड म्हणजे १६ खणांचं कपाट धरा. प्रत्येक खणात ६४ ओळी, प्रत्येक ओळीत १२८ अक्षरांची जागा. पंधरा खणांत माल. सोळावा खण, म्हणजे खरं तर अगदी पहिला, फक्त अनुक्रमणिकेचा. कोणत्या खणात कुठला खेळ, तो चालू आहे की पुसलेला, किती जागेचा, पुढचं पान कुठे, एवढंच त्यात असतं. यंत्र कार्ड घातल्यावर आधी हा पहिला खण वाचतं. त्याच्या पहिल्या ओळीत 'एम' आणि 'सी' ही अक्षरं दिसली नाहीत, तर पुढचं काही न बघता कार्ड कोरं आहे असं धरून चालतं.

म्हणजे खतावणीची अनुक्रमणिका फाटली तर दुकानातली खाती गेली असं कुणी म्हणेल का? खाती पानांवर असतातच. पानं उलटत बसायचं आणि नवी अनुक्रमणिका करायची. पण 'फॉरमॅट करू का' याला हो म्हणणं म्हणजे नवी कोरी अनुक्रमणिका शिवून घेणं. त्यानंतर जो खेळ साठवाल तो कुठल्याही जुन्या पानावर बसणार.

संपर्काच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. आधी पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन. पर्वाच्या दिवसात माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर अल्कोहोलची बाटली! मी त्याला गॅलरीत बसवलं. पाण्याने मात्र पुसू नका, गंज धरतो.

नंतर त्याने आर्डुइनो नावाचा एक छोटा बोर्ड आणि पाचसहा तारा जोडून कार्ड संगणकाला लावलं. त्यासाठी लागणाऱ्या प्रणाली हौशी लोकांनी फुकट उपलब्ध करून दिल्या आहेत. एक ओळ, दुसरी ओळ, अशा १०२४ ओळी वाचायच्या. पहिल्या फेरीत काही ओळी वाचल्याच जाईनात. पुन्हा पुसलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्या फेरीत सगळ्या आल्या. त्याची पूर्ण नक्कल करून ठेवली आणि मूळ कार्ड बाजूला ठेवलं. मूळ कागदाला हात लावायचा नाही, झेरॉक्सवर काम करायचं, हे त्याला माझ्या वडिलांनी शिकवलं होतं की त्याच्या कंपनीने, कोण जाणे.

पहिली ओळ बिघडलेली होती आणि पुढच्या दोन. 'एम' आणि 'सी' गायब. पण मालाच्या प्रत्येक खेळाचा पहिला खण 'एस' आणि 'सी' या अक्षरांनी सुरू होतो आणि पाठोपाठ खेळाचं नाव येतं. तो एकेक खण उघडून बघत होता, मी शेजारी खुर्ची ओढून वहीत टिपत होते. दोन खणांत गाड्यांच्या शर्यतीचे खेळ. मग हार्वेस्ट मून. मी वहीत लिहायचं थांबले. तोही बोलला नाही.

अनुक्रमणिकेची ओळ नुसती लिहून भागत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या जागी ताळ्याचा एक आकडा लागतो. तो चुकला तर यंत्र ती ओळ मानत नाही. ही आपली तेरीजच. फरक इतकाच की बेरीज नाही करायची, सम-विषम मोजायचं. एका ठिकाणी एक हा अंक सम वेळा आला तर शून्य, विषम वेळा आला तर एक. मी म्हटलं, मला करून बघू दे. 'एम'चा आकडा ७७, 'सी'चा ६७, ओळीत बाकी सगळे शून्य. दोन्ही आकडे शून्य-एकच्या भाषेत एकाखाली एक लिहिले आणि उत्तर काढलं, १४. पडद्यावर पडताळलं तर १४! चाळीस वर्षांनी तेरीज जुळल्याचा आनंद झाला. आणि तेरजेचा जुना दोषही यात आहेच. दोन सारख्याच चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि ताळा जुळलेला दिसतो.

शाबूत राहिलेल्या ओळींमध्ये एक गोष्ट अनपेक्षित निघाली. ओळीच्या सुरुवातीला ८१ हा आकडा असेल तर नोंद चालू. एका ओळीपुढे १६१ होता, म्हणजे पुसलेली नोंद. नाव होतं टेकन ३.

हा खेळ मारामारीचा, १९९८ चा, तेव्हाच्या सगळ्या मुलांचा लाडका. जितकं खेळाल तितके नवे पैलवान उघडत जातात. धाकटा तो शेजारच्या मुलाकडून तबकडी आणून रात्री आवाज बंद करून खेळायचा. एका क्षमावणीला त्याने आपण होऊन आजीला सांगितलं आणि तिच्यासमोर ती नोंद पुसली. आक्कांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, मला तो दिवस आठवतो.

आणि पुसल्यावर यंत्राने केलं काय? फक्त अनुक्रमणिकेतला आकडा बदलला. खणातला माल जसाच्या तसा. वीस वर्षांनी तो १६१ चा ८१ केला असता आणि ताळा बदलला असता, तर सगळे पैलवान पुन्हा उभे राहिले असते. धाकटा हसत सुटला. मला मात्र स्वाध्यायातला गढूळ पाण्याचा दृष्टांत आठवला. पाण्यात निर्मळी फिरवली की गाळ तळाशी बसतो, पाणी स्वच्छ दिसतं. तो उपशम. भांडं हललं की पुन्हा गढूळ. स्वच्छ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं, गाळ राहिलाच नाही, तो क्षय. इतकी वर्षं वाचते आहे, पण इतकं ढळढळीत कधी दिसलं नव्हतं. कार्डावर क्षय व्हायचा तर त्या खणात दुसरं काहीतरी लिहिलं जायला हवं. नुसतं नाव काढून होत नाही.

मी त्याला विचारलं, आजीने ते शेत सोडलं होतं. सोडलेलं परत उकरून काढणं बरं का? नवव्या दिवसाची, उत्तम आकिंचन्याची पूजा दोन दिवसांवर आली होती, म्हणून विचार मनात आला. तो म्हणाला, "तिने सोडलं, पण मला दिलं ना. मी नीट ठेवलं नाही." यावर मी काही म्हटलं नाही. ज्याने सोडलं त्याचा त्याग खोटा होत नाही, आणि ज्याला दिलं त्याने डब्यात टाकून द्यावं असंही काही नाही. तुम्हाला काय वाटतं ते जरूर सांगा. आमच्या मंडळात यावर दोन तट पडले आहेत.

त्याने एक जुनं, चालू कार्ड मिळवलं आणि तीन खेळ त्याच्यावर चढवले. चौथा खण त्याने मुद्दाम घेतला नाही. यंत्र चालू केलं. तिसऱ्या वर्षाचा हिवाळा, सगळीकडे बर्फ. गोठ्यात गौरी आणि कपिला उभ्या. खेळातल्या जनावरांना वीस वर्षं उपास घडलेला नसतो हे मला कळतं, तरी मी म्हणाले, आधी चारा घाल. तो आधीच तिकडे निघाला होता.

हिवाळ्यात तिथे बाहेर पीक येत नाही. गाईंचं दूध काढायचं, गावात फिरून लोकांशी बोलायचं, एवढंच काम. उरलेले दिवस त्याने आणि नातीने मिळून रोज थोडे असे पर्व संपेपर्यंत काढले. तीन वर्षं पुरी झाली आणि गावकऱ्यांनी त्याला राहू दिलं. अंडी नाहीत, मासे नाहीत, बटाटा नाही, तरी.

मग वसंत लागला. नात बियांच्या दुकानात शिरली आणि पहिलाच बटाटा दिसला म्हणून विचारायला लागली. बापाने तिला पणजीची अट सांगितली. तिने थोडा विचार केला आणि काकडीच्या चार पिशव्या घेतल्या. मी म्हटलं, पैसे किती उरतात ते आधी बघ. तिने ऐकलं नाही. नांगरताना मात्र दर नऊ चौकटींत एक मोकळी सोडत गेली. बापाने तेवढं शिकवलेलं दिसलं.